गाणे कुणाच्या नावावर? वडगावच्या एका गायिकेच्या चार वर्षांची नोंद

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, एका सोमवारी दुपारी, माझी जुनी विद्यार्थिनी मोबाईल घेऊन घरी आली आणि पडद्यावरचा इंग्रजी मजकूर माझ्यापुढे धरून म्हणाली, "सर, हे गाणं माझंच हाय न्हवं? मग हे असं का म्हणायलंय?" एका ग्रामीण साहित्य संमेलनात तिने गायलेल्या गाण्याचे चित्रीकरण तिने स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर टाकले होते. त्यातील ध्वनीचा मालक दुसराच कुणी असून जाहिरातीचे उत्पन्न आले तर ते त्या मालकाकडे जाईल, असा त्या मजकुराचा आशय होता. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. तरीही तो दावा सर्वस्वी खोटा नव्हता. हे तिला समजावून सांगताना माझी जी तारांबळ उडाली, तिच्यातूनच ही नोंद लिहिण्याचे मनात आले.

मी निवृत्त मराठी शिक्षक असून आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. संगीताच्या धंद्याचा किंवा कायद्याचा मी जाणकार नव्हे. तिची वाटचाल मात्र पहिल्या कच्च्या चालीपासून जवळून पाहिली आहे, आणि एका ठिकाणी तिच्या अडचणीला मीच कारण झालो, तेही पुढे येईल. तिचे नाव आणि ज्या स्टुडिओशी तिचा व्यवहार झाला त्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही. बेळगावात कोणत्याही दोन माणसांमध्ये ओळखीचा तिसरा निघतोच, आणि ज्याच्याशी वाद झाला त्याच्याच पेटीवर पुढच्या गणपतीत गावे लागते.

घर आणि मंडप

वडगाव, शहापूर आणि खासबाग हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. शहापूरच्या हातमागाच्या साडीचे एके काळी मोठे नाव होते. आता गल्लीत शिरल्यावर ऐकू येतो तो यंत्रमागांचा खडखडाट. तिचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवतात, आई घरी कांड्या भरते, आणि ती स्वतः पदवीनंतर साडीच्या एका दुकानात हिशेब पाहते. शेजाऱ्यांशी कन्नड, घरात मराठी, दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा, ह्यात आमच्याकडे कुणालाच काही विशेष वाटत नाही.

गाणे तिच्याकडे दोन वाटांनी आले. येळ्ळूरहून लग्न होऊन आलेली तिची आज्जी जात्यावरच्या आणि भाताच्या रोप लागवडीच्या ओव्या अजूनही म्हणते. ती एक वाट. दुसरी शिकवणीची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तिने प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या, आणि मध्यमा प्रथमच्या वर्षी कॉलेजची फी आणि शिकवणीची फी एकदम आल्यामुळे शिकवणी सुटली.

ह्या मुलुखात गाणे म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर ख्याल उभा राहतो, आणि ते साहजिक आहे. शहरापासून थोड्याच अंतरावरच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला. खाली धारवाड, हुबळी, गदगकडे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी ही नावे आहेत. स्वतः लिहून, स्वतः चाल लावून स्वतःच गाणारा माणूस आमच्या लोकांना ठाऊक नाही असे नव्हे, पण तो कीर्तनातला बुवा असतो किंवा शाहीर असतो. पंचविशीच्या आतली मुलगी हे करते म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो तो, "लिहून कोण देतं?" चार वर्षांत हा प्रश्न मी इतक्या तोंडांतून ऐकला की त्याची मोजदाद ठेवली नाही.

पहिली दोन वर्षे ती गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात गात होती. एक गाणे मराठी, एक कन्नड, मध्ये एखादे हिंदी, असा तिथला शिरस्ता. त्या रात्रींनी तिला माईक धरायला, मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज नसतानाही सुरात राहायला आणि मंडपातल्या माणसांचे डोळे वाचायला शिकवले. तोटाही झाला. चित्रपटगीते मूळ पट्टीत हवीत ह्या हट्टापायी ती सतत काळी पाच ह्या उंच पट्टीच्या आसपास ओढून गात राहिली, आणि तिच्या स्वतःच्या पहिल्या दोन गाण्यांत तोच ताणलेला, उसना आवाज उतरला. शब्दही उसनेच होते. दोन्ही गाण्यांत लाटा होत्या आणि किनारा होता. बेळगावला समुद्र नाही. तो पाहायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जावे लागते, आणि ती तोवर एकदाच गेली होती.

एका ओळीच्या दोन आवृत्त्या

तिसरे गाणे मागावरचे. तिने वहीत लिहून आणलेल्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या :

कांडी सरली, धोटा थांबला,
अप्पा, आता तरी जेवा की.

चाळीस वर्षे लाल शाईने वह्या तपासलेल्या माणसाने जे करायचे तेच मी केले. "कांडी कुणाला कळणार? आणि हे 'की' कशाला?" असे म्हणून मी ओळी दुरुस्त करून दिल्या : "सूत संपले, माग थांबला, बाबा, आता तरी जेवा ना." तिने मान डोलावली आणि तेच पाठ केले. पुण्याच्या माणसालाही समजावे, हा माझा हेतू होता.

चूक दाखवली ती तिच्या आईने. कांड्या भरता भरता तिने दोन्ही आवृत्त्या ऐकल्या आणि मान वर न करता म्हणाली, "सूत संपलं म्हंजे काम गेलं. मग जेवायला कशाला बलवायचं?" ह्या एका वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. धोटा म्हणजे आडवे सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारे साधन, आणि त्याच्या पोटात त्या सुताची एक छोटी कांडी असते. ती सरली की माग थांबतो, चालवणारा रिकामी कांडी काढून भरलेली घालतो आणि काही क्षणांत माग पुन्हा सुरू होतो. असे दिवसातून कित्येक वेळा घडते. म्हणजे "कांडी सरली" हा कामाचा शेवट नव्हे. कामातली ती एवढीशी फट आहे, आणि मुलगी त्या फटीत बापाचे जेवण बसवू पाहते आहे. गाण्याचा सगळा जीव तिथे होता. माझ्या शुद्ध ओळीत ती फट बुजली आणि उरली ती दिवसअखेरची एक सर्वसाधारण विनवणी. "की" मधला लडिवाळ हट्ट "ना" मध्ये येत नाही, हे तर बेळगावच्या कोणत्याही माणसाने मला सांगितले असते.

मूळ ओळी परत आल्या आणि त्यांच्याबरोबर आवाजही परत आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. "अप्पा" ही हाक काळी पाचला मारता येत नाही. ती त्याहून खालच्या पांढरी पाचवर आली, आणि मग अंतराही खालून उचलावा लागला. तालाबद्दल आमचे पटले नाही. मला आठ मात्रांचा केरवा हवा होता. तिने सहा मात्रांचा दादरा धरला, कारण पहिल्या ओळीची चाल आज्जीच्या जात्यावरच्या ओवीची होती आणि त्या ओवीला फिरणे होते. मागाच्या दोन ठोक्यांच्या तीन जोड्या दादऱ्याच्या एका आवर्तनात बसतात, हे तिने मला कारखान्याच्या दारात उभे राहून बोटांवर मोजून दाखवले. ह्यानंतर मी तिचे शब्द दुरुस्त करणे सोडले. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे पाहतो.

"बघू की नंतर"

ध्वनिमुद्रण शहरातल्या एका लहान स्टुडिओत झाले. मालक स्वतःच संगीत संयोजक. ऑर्केस्ट्रातली ओळख, मनाने मोकळा माणूस. कीबोर्डचे तुकडे त्याने वाजवले, तबला-ढोलकीवाल्याचे पैसे तिने दिले, स्टुडिओचे भाडे त्याने घेतले नाही. गाणे कुणाच्या वाहिनीवर जाईल, पैसे आले तर कसे वाटायचे, ह्यावर दोघांच्या बोलण्याचा सारांश एवढाच होता : "बघू की नंतर." आमच्याकडचे निम्मे व्यवहार ह्याच वाक्यावर चालतात आणि बहुतेक नीट पारही पडतात, म्हणून त्या वेळी मलाही त्यात वावगे दिसले नाही.

गाणे त्याच्या वाहिनीवर गेले. वर्णनात तिचे नाव गायिका म्हणून होते, त्याचे संगीत संयोजक म्हणून, आणि पुढे लिहिले होते : "गीत व चाल : पारंपरिक." शिवाय त्याने ऑनलाइन गाणी पोचवणाऱ्या एका वितरकामार्फत ते ध्वनिमुद्रण यूट्यूबच्या कंटेंट आयडी ह्या यंत्रणेत नोंदवले होते. ही यंत्रणा नव्याने टाकलेल्या प्रत्येक व्हिडिओतला ध्वनी नोंदलेल्या ध्वनीशी ताडून पाहते आणि जुळला की मालकाच्या वतीने आपोआप दावा लावते. संमेलनात साथीदार परवडत नव्हते म्हणून ती त्याच स्टुडिओत मुद्रित झालेल्या वाद्यांच्या ट्रॅकवर गायली होती. यंत्राने ट्रॅक ओळखला. कोण गाते आहे, कुणी लिहिले आहे, ह्याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हते.

इथे कायद्याची घडी उलगडणे भाग आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्याचे अनेक पदर आहेत. शब्द ही एक कृती, सुरावट ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. गाणाऱ्याचा कलावंत म्हणून असलेला हक्क ह्या तिन्हींहून निराळा. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता. त्यामुळे स्टुडिओच्या मालकाचा ध्वनिमुद्रणावरचा दावा अगदीच हवेतला नव्हता, निदान अर्धा तरी खरा होता. शब्द आणि सुरावट ह्यांवर मात्र त्याचा काहीच हक्क नव्हता, कारण हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. लेखी करारातही मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार ह्यांना रॉयल्टीतला आपला बरोबरीचा वाटा निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही, तसे कबूल केले तरीही.

म्हणजे पैशाचा दावा हे ह्या प्रकरणातले लहान दुखणे होते. मोठे दुखणे "पारंपरिक" ह्या एका शब्दाचे होते. तो शब्द तसाच राहिला असता तर गीतकार आणि संगीतकार ह्या दोन्ही जागा कायमच्या रिकाम्या झाल्या असत्या, आणि रिकाम्या जागेची रॉयल्टी मागायला कोण जाणार? स्टुडिओच्या मालकाला विचारले तेव्हा तो प्रांजळपणे म्हणाला की पहिली ओळ ऐकताच त्याला त्याच्या आईची ओवी आठवली, म्हणून त्याने तसे लिहिले. हे खोटे नव्हते. अडचण नेमकी तीच होती.

आज्जीची साक्ष

आता प्रश्न असा होता की गाण्यातले नेमके किती तिचे. रागाच्या भरात "सगळे माझे" म्हणणे सोपे होते, आणि पहिले दोन दिवस ती तेच म्हणत होती. मग एका संध्याकाळी आम्ही आज्जीसमोर बसलो. तिने मोबाईलवर गाणे लावले, आज्जीने पहिल्या ओळीला मान हलवली, आणि दुसऱ्या ओळीपासून ती नुसती ऐकत राहिली. मी विचारले, "आज्जी, ही चाल तुमची ना?" आज्जी म्हणाली, "माझी कुठली वं सर? माझी सासू म्हणायची. तीबी बेळगुंदीच्या माहेरातनं घिऊन आल्याली." मग तिने मूळ ओवी म्हणून दाखवली. ओवीचा पहिला चरण आणि गाण्याची पहिली ओळ जवळजवळ तंतोतंत जुळत होत्या. "अप्पा" ह्या हाकेपाशी गाणे ओवी सोडून खाली उतरते, ते पुन्हा तिकडे फिरकत नाही.

तिने त्याच रात्री वहीत लिहिले : पहिल्या ओळीची चाल पारंपरिक, आज्जीकडून ऐकलेली, उरलेली चाल आणि सर्व शब्द माझे. माझ्या मते तिच्या चार वर्षांतला सर्वांत मोठा टप्पा हा आहे, आणि तो कोणत्याही आकड्यात दिसत नाही. आपले काय हे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपले काय नाही हे तितक्याच नेमकेपणाने सांगता आल्यावर समोरच्याशी बोलण्याचा सूरच बदलतो, हे पुढच्या आठवड्यात दिसले.

यूट्यूबवर दाव्याला हरकत घेता येते आणि दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. आम्ही ती हरकत तयार ठेवली, पण आधी स्टुडिओत जाऊन बसलो. तीन बैठका झाल्या. पहिली चहावर आणि रुसव्यावर गेली. दुसरीत तिने वहीतली ओळ वाचून दाखवली, आणि पहिली ओळ पारंपरिक असल्याचे तीच कबूल करते आहे हे पाहून तो विरघळला. तिसरीत कागद झाला. ध्वनिमुद्रण दोघांचे, त्याचे उत्पन्न निम्मे-निम्मे, मुदत ३ वर्षे. शब्द आणि सुरावट तिची, वर्णनात तशी दुरुस्ती. तिच्या वाहिनीवरचा दावा मागे. आणि हेच गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करायला ती मोकळी. कागद कोणत्या भाषेत करायचा ह्यावरच अर्धा तास गेला. टायपिस्टकडे नमुना कन्नडमध्ये होता, यंत्राची सूचना इंग्रजीत आली होती, आणि भांडण मराठी गाण्याचे होते. शेवटी मराठीत हाताने लिहिला, दोघांनी मोठ्याने वाचला आणि दोन साक्षीदारांसमोर सह्या केल्या. ज्या गावात जमीन कुणाची ह्यावर १९५६ पासून बोलणे चालू आहे, तिथे एका गाण्याचा निकाल तीन चहांत लागला, असे मी त्या दिवशी गमतीने म्हणालो. हसले कुणी नाही.

रात्रीचे ध्वनिमुद्रण

नवे ध्वनिमुद्रण घरीच झाले. उसना कंडेन्सर माईक, त्याला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा देणारा छोटा ऑडिओ इंटरफेस, मित्राचा लॅपटॉप. भिंतींवर वाकळी टांगल्या. गल्लीतले माग थांबल्यावर, म्हणजे रात्री उशिरा, गायचे असे ठरले, पण पहिल्या रात्री शेजारच्या कारखान्यात पाळी लांबली आणि प्रत्येक टेकमध्ये खाली बारीक खडखड येत राहिली. तिसऱ्या टेकनंतर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की." माझ्या पेटीखाली ती खडखड ऐकू येते. लय थोडी पुढेमागे होते, कारण माग काही ठेका मोजणारा मेट्रोनोम नव्हे. तज्ज्ञ कानाला ते खटकेल. मला खटकत नाही, पण मी पक्षपाती आहे.

वितरणातले शिक्षण लवकर आटोपले, एक बाब सोडून. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक जुन्या आणि नव्या मुद्रणाला वेगवेगळा हवा, हे तिला पटकन कळले. घोळ झाला नावाचा. रोमन लिपीत तिचे नाव बँकेच्या पासबुकात एक, पदवीच्या प्रमाणपत्रात दुसरे आणि पहिल्या दोन गाण्यांवर तिसरे. त्यामुळे एकाच गायिकेची दोन वेगळी पाने तयार झाली होती आणि ऐकणारे त्यांत विभागले गेले होते. पासबुकातले नाव कायम केले, कारण पैसे शेवटी तिथेच यायचे.

पैसे म्हणावेत असे अजून काही आलेले नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्राइबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे लागते. ते तिने गेल्या वर्षी गाठले. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याची रॉयल्टी मोजलीच जात नाही, आणि लाटा-किनाऱ्याची तिची दोन्ही गाणी त्या रेषेखाली आहेत. त्यांच्याबद्दल तिला वाईट वाटत नाही. मागावरचे गाणे रेषेवर आहे आणि ते सर्वाधिक ऐकले जाते पुण्यात. पुणे-बेंगळूरुला नोकरीसाठी गेलेली आमच्याकडची मुले हे त्याचे कारण असावे, असा माझा कयास आहे. "कांडी" पुण्याला कळणार नाही ही माझी भीती तरी फोल ठरली. मी तिला दोनदा सांगितले की पुण्याला जा. "तिकडं माग कुठला?" म्हणून तिने विषय संपवला. कारखान्यातला तिच्या वडिलांचा कन्नड सोबती हे गाणे कन्नडमध्ये करून दे, असे म्हणत तिच्या मागे लागला आहे. कन्नडमध्ये धोट्याला लाळी म्हणतात, आणि "लाळी"ला तिथे मात्रा कमी पडत नाहीत, एवढ्यापर्यंत ते काम आले आहे.

गेल्या रविवारी ती आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी १९६९ पासूनची संस्था, तिच्याकडे द्यायची गाण्यांची यादी घेऊन आली. पाच गाणी, प्रत्येकापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि टक्के किती. मागाच्या गाण्यापुढे ओवीची नोंद होती. पाचव्या गाण्यापुढे, चालीच्या रकान्यात, माझे नाव आणि १० टक्के. अंतऱ्याआधीचा पेटीचा तुकडा मी एकदा सहज वाजवला होता आणि तिने तो ठेवला होता. मी नाव खोडले. तिने माझ्याच हातातले पेन घेतले, पुन्हा लिहिले आणि विचारले, "सर, पासबुकात तुमचं स्पेलिंग कसं हाय?"